वजा केलेला तारा

ज्या हिवाळ्यात माझी सून गेली, त्या हिवाळ्यात आमच्या घरी तारे भर दुपारी दिसायचे. म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटेल, पण खरं आहे. माझी नात ताऱ्यांवर पीएच.डी. करते. तिला ज्या दुर्बिणीतून पाहायचं होतं ती समुद्रातल्या एका बेटावर, उंच डोंगराच्या माथ्यावर आहे. तिकडे अंधार पडतो तेव्हा इकडे आमच्या गल्लीत बायका धुणं वाळत घालत असतात. आता तिथवर जावंही लागत नाही. नातीनं घरूनच लॅपटॉपवर सांगायचं आणि तिकडच्या माणसानं दुर्बीण फिरवायची. ती जोडणी तपासत होती तेव्हा मी विचारलं, "तो माणूस आपल्याले पाहू शकते का गं?" ती म्हणाली, "नाही आजी, फक्त आवाज." मग मी डोक्यावरचा पदर खाली टाकला आणि ऐसपैस मांडी घालून बसले.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडं. शेत थोडं, त्यात जाळी ताणलेलं एक शेडनेट. तिथं आम्ही मिरचीचं बियाणं धरतो. एका झाडाच्या कळ्यांतले नर केसर चिमट्यानं काढायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग तिथं लावायचा, असं ते डोळे फोडणारं काम. सुनेचा हात त्यात इतका हलका होता की शेजारच्या बायका तिचं पाहून शिकल्या. दिवाळीच्या तोंडावर ती त्या शेडनेटातच मटकन खाली बसली. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. आम्ही कावीळ समजून झाडपाला दिला. पुढे शहराच्या दवाखान्यात कळलं की पित्ताशयात गाठ आहे आणि ती यकृतात उतरली आहे. डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाजूला घेतलं. सून मागोमाग गेली आणि म्हणाली, "माह्यासमोर बोला. पोट माहं आहे." तशी होती ती.

नात तेव्हा दोन कपडे घेऊन आली, ती राहिलीच.

डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर सुनेनं एकच गोष्ट मागितली. पोरीच्या अंगाला हळद लागलेली पाहायची. देऊळगाव राजाचं एक स्थळ सांगून आलं होतं. बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, एकुलता एक मुलगा, तंबाखूसुद्धा नाही. त्यांची अट एवढीच, की मुलगी शिकलेली पाहिजे, पण लग्नानंतर घरी राहिली पाहिजे. शिकलेली म्हैस दारात बांधली की दाराची शोभा वाढते, तसं काहीतरी. नात हो म्हणाली. रात्रंदिवस आईच्या उशाशी बसणारी पोरगी दुसरं काय म्हणणार? मला म्हणाली, "तारे काय आजी, दुसरं कोणीबी पाहीन."

सुनेनं आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पाहुण्यांना कावीळ सांगायची. "मायच्या पोटात गाठ निघाली की लोक पोरीच्या पोटात शोधतात," ती म्हणाली. मीसुद्धा मान डोलावली होती. तेव्हा ती मनापासूनच डोलावली होती.

आता त्या ताऱ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आईला डोळा लागला की नात मला समजावत बसायची. मला समजावलं की तिचं मन हलकं व्हायचं. "तारा असा एकदम नाही जन्मत आजी. थंडगार वायूचा आन धुळीचा ढग असते. लय मोठा. त्याच्यात कुठं कुठं गाठ धरते. ती गाठ आपल्याच वजनानं आत आत पडत जाते, तापते. तो तारा."

"मंग पाहाले काय लागते? दिसत असंल की."

"तेच तर. भोवती इतकी धूळ की उजेड बाहेरच येत नाही. डोळ्यानं पाहशील तर नुसतं काळं."

"मंग तुले कसं दिसते?"

"तवा लाल व्हायच्या आधीबी हात पोळते ना? तवा उजेडच टाकत असते, फक्त आपल्या डोळ्याले तो कळत नाही. त्याले अवरक्त म्हणतात. तो धुळीतून पार होऊन येते."

तिचा एक तारा होता. बाळच, पण खादाड. भोवतीचा वायू एकदम अंगावर ओढून घेऊन तो आदल्या वर्षी अचानक उजळला होता. असं क्वचित पाहायला मिळतं, आणि कधी मंदावेल याचा नेम नसतो. उजळलेला असताना त्याचा उजेड फोडून पाहिला तर तो कसा वाढतो ते कळणार होतं. तिचा सगळा अभ्यास त्यावर टांगलेला. त्यासाठी दुर्बिणीचे काही तास मिळाले होते, एकाच दिवशी, दुपारपर्यंत. लग्न ठरलं तर हे शेवटचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. एवढं करून गुरूंच्या हवाली करायचं आणि मोकळं व्हायचं. पाहुण्यांनाही तोच दिवस सोयीचा पडला. ते चारला येणार होते. नात म्हणाली, "तवर माहं आटोपते."

त्या दिवशी सकाळपासून मी तिच्याजवळ बसले. पडद्यावर करड्या रंगाचा गोंगाट. मी म्हणाले, "तारा कुठं आहे?"

"यातच आहे. तिकडचं आभाळबी गरम, दुर्बीणबी गरम, सगळंच त्या उजेडात चमकते. म्हणून आधी ताऱ्याचं चित्र घ्याचं, मंग बाजूच्या रिकाम्या आभाळाचं घ्याचं, आन पहिल्यातून दुसरं वजा कराचं. उरंल तो तारा."

"म्हंजे सोयाबीनसकट ट्रॉली जोखाची, मंग रिकामी ट्रॉली जोखाची."

"बस, तेच," ती म्हणाली आणि एक कळ दाबली. गोंगाट गेला. काळ्या पाटीवर एक पांढरा ठिपका राहिला. ज्वारीच्या दाण्याएवढा. ती त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, त्या नजरेनं तिनं त्या दुकानदाराच्या फोटोकडे पाहिलं नव्हतं. तो फोटो मीच तिला दाखवला होता, म्हणून मला माहीत.

चारला येणारे पाहुणे एकच्या सुमारास दारात. बीबी गावची एक पोरगी त्यांना आधी पाहायची होती, ती लवकर पाहून झाली म्हणे.

"नाक बसकं असंल बिचारीचं," मी म्हणाले.

"आजी, चूप!" नात एका हातानं केस आवळत, दुसऱ्यानं लॅपटॉपवर आकडे टाकत होती. मधल्या खोलीतून सुनेची हाक आली, पातळ, पण हुकूम तो हुकूमच. "पोरी, साडी नेस! मोरपंखी! पोहे टाक!" नातीनं तिकडच्या माणसाला इंग्रजीत काहीतरी भराभर सांगितलं. चित्रांचा पुढचा फेरा सुरू व्हायचा होता, त्यासाठी रिकाम्या आभाळाची नवी जागा द्यावी लागत होती. तिनं आभाळाचा एक साधा फोटो उघडला, त्यात काळी मोकळी जागा बघितली, आकडे दिले आणि पळाली. जाताना मला म्हणाली, "हे चालू राहू दे. बंद पडलं तर हाक मार."

तर दुर्बीण मी सांभाळली. हे मी मरेपर्यंत सांगणार आहे.

बाहेरच्या खोलीत माझा मुलगा पाहुण्यांशी पावसाचं आणि बियाण्याचं बोलत होता. आत पोह्यांची फोडणी. पडद्यावर चित्र आलं, गेलं, पुन्हा आलं. नात मोरपंखी साडीत, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मी म्हणाले, "हे पांढऱ्या दाण्याच्या बाजूले काळं काय पडलं गं? भोक पडल्यावाणी?"

तिनं ट्रे खाटेवर ठेवला. वाकून पाहिलं. चेहरा उतरला.

"मी कोणतं आभाळ दिलं?" तिनं आकडे पाहिले. "ढगातलंच दिलं आजी. ढगाच्या पोटातलं."

"रिकामं नव्हतं का ते?"

"रिकामं दिसते! जिथं सगळ्यात रिकामं दिसते तिथंच ढग सगळ्यात दाट असते, मागचे तारेबी झाकून टाकते. पहिल्या वर्षाचं पोट्टंबी हे चुकत नाही." तिनं त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथं दुसरा एक तारा आहे. बाळ. मी त्याले आभाळ समजून वजा करून राह्यली."

"नवा सापडला का?" मला उगाच आशा.

"नाही. माहीत असलेला आहे. मलेच माहीत होता." तिनं कपाळावर हात मारला. मघापासूनचं सगळं वाया गेलं होतं, आणि दुर्बिणीचा वेळ संपत आला होता. पुन्हा करायचं तर आत्ताच, ढगाबाहेरचं आभाळ धरून, नजर न हलवता.

"पोहे निवून राह्यले!" मधल्या खोलीतून.

नातीनं ट्रेकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आजी, पाच मिनिटं थांबवतेस त्यांना?"

पाच मिनिटांचं काम नव्हतं, हे मला तिच्या आवाजातच कळलं. मी ट्रे उचलला.

बैठकीत नवरीसाठी एक खुर्ची मांडून ठेवली होती, भिंतीला लागून. मी ट्रे फिरवला आणि सरळ त्या खुर्चीवर जाऊन बसले. म्हणाले, "पोरगी पाहाले आले ना? पाहा."

नवरामुलगा फसकन हसला. त्याच्या आईनं त्याला कोपर मारलं. मुलाचा मामा माझ्या मुलाकडे पाहायला लागला. माझा मुलगा म्हणाला, "आमची आई जराशी गमतीची हाये."

अशा खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसत होते. माझ्या वेळी पाट होता. वडील श्रावणात गेले आणि चुलते म्हणाले, वर्षाच्या आत उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. तेव्हा मी अकरावीत, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला होते, विज्ञानात शाळेत पहिली आलेली. गुरुजी घरी आले होते, पोरीला शहराच्या कॉलेजात घाला, म्हणून आईला विनवायला. त्या वेळी ही हुशार कन्या काय करत होती? दाराआड उभी राहून देवाला हात जोडत होती, की गुरुजी लवकर जाऊ देत. बाहेर कासार येऊन बसला होता, आणि त्याच्याकडचा हिरवा चुडा शेजारची नेईल याची मला धास्ती. माझं शिक्षण तोडलं असं लोक कळवळून म्हणतात. कोणी तोडलं नाही. ते मी टवळीनंच दोन डझन बांगड्यांवर सोडलं, आणि वर मनगट वाजवत गावभर हिंडले. पाटावर मला विचारलं, काय काय येतं? मी म्हणाले, पुरणपोळी. पुरणपोळी येत नव्हती. येत होते न्यूटनचे नियम.

"पोरगी येत का नाही?" नवऱ्यामुलाच्या आईनं विचारलं.

"काम करून राह्यली."

"आता? कोणतं काम?"

"तारे जन्मून राह्यले, ते पाहून राह्यली."

"दुपारी?" मामा.

"हाव. दुपारी."

नवरामुलगा पुन्हा हसला, पण या वेळी त्याच्या डोळ्यात काहीतरी होतं. वाईट नव्हता तो. त्याच्या आईनं पोह्यांचा चमचा तोंडापाशी नेला आणि आवाज खाली आणला. "विहीणबाईची कावीळ उतरली का मंग? पोरीले हळद लागली की त्याच उभ्या राहतीन, पाहा."

भिंतीपलीकडे सुनेची खाट होती. मधे एक वीट जाडीची भिंत. मला ते माहीत होतं. जीभ घसरली असं सांगितलं तर खोटं होईल.

"कावीळ नाही," मी म्हणाले. "कॅन्सर हाय. पित्ताशयाचा. यकृतात गेला. संक्रांत पाहते का नाही, काही खरं नाही."

माझ्या मुलानं डोळे मिटले. पाहुणीचा चमचा बशीत परत गेला.

"तुमच्या सुनेच्या घराण्यात आधी कोणाले होता का?" मामानं विचारलं. असे प्रश्न विचारण्यासाठीच मामाला सोबत आणतात.

"तिच्या मायले होता," मी म्हणाले. सुनेची आई साप चावून गेली होती.

पाहुण्यांना मग एकदम जालन्याहून माल येणार असल्याचं आठवलं. नवरामुलगा दारात रेंगाळला. मला हळूच म्हणाला, "खरंच दिसते का हो तारा जन्मताना?"

"ठिपका दिसते बाबू."

त्यानं मान हलवली आणि चपला घातल्या.

आतल्या खोलीत नात पदर कमरेला खोचून, कानाला यंत्र लावून बसली होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. वेळ संपल्यावर तिनं ते काढलं. "पाहुणे?"

"गेले."

"काय म्हणे?"

उत्तर मधल्या खोलीतून आलं. "आत्याबाई." आवाज अगदी शांत. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माह्या जित्या जिवावर तुम्ही माह्या पोरीचं घर मोडलं. आन माह्या मायलेबी सोडलं नाही."

माझ्याशी बोललेलं तिचं ते शेवटचं वाक्य.

दिवसा घरात तिचं करायला मीच जास्त. मुलगा शेडनेटात, नात औषधांसाठी, दवाखान्यासाठी पळायची. सुनेचं अंग पुसायला मी गेले की ती डोळे मिटून घ्यायची. हात उचल म्हटलं तर उचलायची नाही, मी उचलला तर उचलू द्यायची. पोट ढोलासारखं फुगलं होतं आणि हातपाय काड्या झाले होते. पाणी मुलाच्या हातून प्यायची. मुलगा नसला तर ओठ कोरडे ठेवून वाट पाहायची. मी तांब्या भरून उशाशी ठेवायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे, म्हणजे तिला घेता यावं. कधी घ्यायची, कधी नाही.

नातीला सगळं कळलं तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त मला समजावणं बंद केलं.

एकदा तिनं लॅपटॉप आईच्या खाटेवर ठेवला. मी दाराबाहेर तांदूळ निवडत होते.

"हा?" सून म्हणाली.

"हाव मम्मी."

"एवढाच?"

"लय लांब आहे ना."

"पुढं काय होते याचं?"

"मोठा होईन. लाखो वर्षं लागतीन."

सून म्हणाली, "तवर तू काय खाशील?" मग दोघी हसल्या. मग सुनेला कळ आली आणि नातीनं मला नाही, बापाला हाक मारली.

संक्रांतीच्या आधीच ती गेली. त्या आठवड्यात बोरं विकायला बाया येत होत्या, त्या आमचं दार टाळून पुढे जायच्या.

तेराव्याच्या जेवणानंतर पुरुष मंडळी मांडवात बसली. सुनेचा भाऊ, म्हणजे नातीचा मामा, माझ्यावर आधीच खार खाऊन होता. "माह्या मायले साप चावला होता! सगळ्या गावाले माहीत! तुम्ही तिले कॅन्सर करून सोडला, आन आता माह्या पोरींलेबी लोक इचारून राह्यले!" त्याच्या दोन पोरी लग्नाच्या होत्या, याचा मी विचार केला नव्हता. मला वाटलं होतं, एका पोरीपुरतं खोटं बोलतेय.

मग तो मुद्द्यावर आला. बातमी पसरली होती, चांगलं स्थळ आता मिळणार नव्हतं. जालन्याकडचा एक बिजवर होता, पहिली बाळंतपणात गेलेली. तो काही विचारत नव्हता. "वर्षाच्या आत उरकून टाकू. नाहीतर तीन वर्षं थांबा लागंन. मंग कोण करीन?"

माझा मुलगा पोरीकडे पाहत होता. तिच्या गळ्यात आईच्या दुःखाचा दगड बांधलेला, ती हो म्हणेल याची मला खात्रीच होती. गेल्या आठवड्यात तिनं चित्रं तपासून पाहिली होती. पुन्हा घेतलेली तेवढी चांगली निघाली, पण निम्मीच. तेवढ्यावर काही ठामपणे सांगता येत नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात दुर्बिणीचा वेळ पुन्हा मागावा लागणार होता, आणि तोवर तारा उजळलेला असेल की नाही, कोणी सांगावं. म्हणजे हातात काहीच नव्हतं. अशा वेळी माणूस बिजवरालाही हो म्हणतं.

"मंग तीन वर्षं थांबू," नात म्हणाली. "रीतच आहे ना?"

मामानं माझ्याकडे रोखून पाहिलं. त्याला वाटलं हे मीच पढवलं. मी पढवलं नव्हतं. ती माझ्याशी बोलतच कुठं होती? पढवलेलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती परत तिच्या अभ्यासाला निघाली, तेव्हा बसवून द्यायला देऊळगाव राजाच्या स्टँडवर मीच गेले. मुलगा शेडनेटात होता. सून नसल्यानं कळ्या वाया जात होत्या आणि मजूर बाया मिळत नव्हत्या. बाजाराचा दिवस, गर्दी होती. जालन्याची गाडी लागली तरी नात चढली नाही. सामान पायाशी ठेवून उभी राहिली. किती दिवसांनी ती माझ्याकडे तोंड करून बोलली.

"मम्मी सुखानं गेली असती आजी. तेवढंच मागितलं होतं तिनं."

"हाव."

"मी करणार होती ते लग्न. मले मान्य होतं."

"हाव."

"आन तो ताराबी आता हाती लागते का नाही, माहीत नाही. मंग काय मिळालं?"

मी तिचं सामान उचलून तिच्या हातात दिलं. मी म्हणाले, "खिडकीची जागा मिळते का पाहाय. जाय लवकर."

ती चढली. जागा मिळाली, पण पलीकडच्या बाजूची. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत मी इकडच्या खिडक्यांकडे पाहून हात हलवत राहिले. दुसऱ्या की तिसऱ्या खिडकीतल्या एका अनोळखी बाईला वाटलं मी तिलाच पोहोचवायला आलेय. तिनं बिचारीनं उलट हात हलवला.